कॅप्टनबाईंच्या सरावाची खुर्ची

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कोणी "वा!" म्हणणार नाही. पाठीला तीन उभ्या पट्ट्या, बसायला एक फळी, चार पाय आणि डाव्या बाजूला एकच हात. हो, एकच. उजवा हात मला कधीच नव्हता आणि डावाही मिळाला तो म्हातारपणी. अशी मी एक जुनी लाकडी खुर्ची. जन्मल्यापासून या घराच्या उंबऱ्याबाहेर मी पाय टाकलेला नाही. तरीही लांब पल्ल्याची दोन वेगवेगळ्या जातींची विमाने मी चालवली आहेत, असे सांगितले तर तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. आमच्या घरच्या सासूबाईही पहिल्यांदा हसल्याच होत्या.

मला घडवणारा सुतार फार बोलका होता. कानावर पेन्सिल, ओठांत खिळे आणि त्या खिळ्यांच्या फटींतून अखंड गप्पा. त्याला जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या करायच्या होत्या. पहिल्या पाच त्याने मन लावून केल्या. सहावीपर्यंत चांगले लाकूडही संपले आणि त्याचा उत्साहही. उरल्यासुरल्या फळ्यांतून त्याने मला उभे केले आणि बोलण्याच्या नादात माझा मागचा एक पाय नखभर आखूड कापला.

त्या नखभराने माझे नशीब ठरवले. माझ्यावर बसलेला माणूस घास घ्यायला पुढे वाकला की मी डुगडुगत असे. एकदा एका पाहुण्यांच्या मांडीवर गरम सूप सांडले. सूप सांडले पाहुण्यांच्या हातून, पण बोल लागला मला. नावडतीचे मीठ अळणी, दुसरे काय! त्याच दिवशी माझी रवानगी मागच्या छोट्या खोलीत झाली. तिथे कपाटाशेजारी उभी राहून मी इस्त्रीचे कपडे सांभाळू लागले. माझ्या पाच बहिणी रोज माणसांत बसत आणि मी मात्र टॉवेलांत. सुरुवातीला मला त्याचे फार वाईट वाटे.

या घरात तेव्हा तीन माणसे राहत होती, आजही तीनच राहतात. एक सासूबाई. त्या आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांचा आवाज असा स्वच्छ की त्यांनी स्वयंपाकघरातून मीठ संपल्याचे सांगितले तरी ती महत्त्वाची सूचना वाटावी. दुसरा त्यांचा मुलगा. लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे पुन्हा कामाला लावणारा फिजिओथेरपिस्ट. आणि तिसऱ्या त्यांच्या सूनबाई. त्या वैमानिक. मी त्यांना पहिल्यापासून कॅप्टनबाईच म्हणते, जरी तेव्हा त्या कॅप्टन नव्हत्या, कॉकपिटमध्ये उजवीकडे बसणाऱ्या सहवैमानिक होत्या.

एके दिवशी दुपारी कॅप्टनबाई खोलीत आल्या, माझ्यावरचे टॉवेल त्यांनी पलंगावर फेकले आणि कपाटाच्या दारावर एक भलामोठा रंगीत कागद चिकटवला. त्यावर शेकडो बटणे, दिवे आणि काटे छापलेले होते. मग त्यांनी बुटांचे खोके एका स्टुलावर ठेवले, त्यात दोन लाकडी चमचे उभे खोचले, चमच्यांच्या मागे दोऱ्याचे एक लाल रीळ डिंकाने चिकटवले, पातेल्याचे मोठे झाकण दोन्ही हातांत धरले आणि त्या माझ्यावर येऊन बसल्या.

"काय चाललंय हे?" सासूबाई दारात उभ्या होत्या. "भाजी ढवळायला चमचा शोधून शोधून दमले मी."

"विमान चालवतेय, आई."

तेव्हा त्या हसल्या. पोट धरून हसल्या.

पण मित्रांनो, यात खोटे काहीच नव्हते. वैमानिक एका वेळी एकाच जातीचे विमान चालवतो. जात बदलायची तर पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. शिकवणीचे खरे यंत्र कंपनीत असते. आतून ते हुबेहूब कॉकपिटसारखे असते, पण तिथली वेळ मोजून मिळते. तिथे जाण्याआधी कोणते बटण कुठे आहे हे हातांना पाठ व्हावे लागते. डोक्याला पाठ होऊन भागत नाही. म्हणून वैमानिक घरी एखाद्या खुर्चीत बसून, डोळे मिटून, हात पुढे करून सराव करतात. कॅप्टनबाईंना हवी होती एक खुर्ची, आणि घरात रिकामी होते मी एकटी.

झाकण म्हणजे विमान वळवायचे चाक. ते दोन्ही गुडघ्यांच्या मधे असते. चमचे म्हणजे इंजिनांची ताकद कमी-जास्त करणारे दांडे. आणि लाल रीळ म्हणजे आगीची मूठ. इंजिनाला आग लागली की ती ओढायची, म्हणजे त्या इंजिनाचे इंधन बंद होते. एकदा ओढली की इंजिन गेलेच समजा, म्हणून हे काम फार जपून करायचे. एकाने विमान धरायचे आणि दुसऱ्याने आगीकडे बघायचे. आणि ओढण्याआधी थांबून पहिल्याला विचारायचे, "बरोबर?"

विमान सासूबाई धरत. म्हणजे पलंगावर ताठ बसत, चष्मा सावरत आणि चेकलिस्टचा कागद नाकासमोर धरत. हसण्याची हौस फिटल्यावर दुसऱ्याच दिवसापासून त्या या कामाला लागल्या होत्या. कागदावरचा एक शब्द इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे.

"दारं?"

"बंद आहेत."

"बंद आहेत नाही, 'लॉक्ड' म्हण. इथे तसं लिहिलंय."

"लॉक्ड."

"हां. पुढे."

दोन महिने असे चालले. मी डुगडुगत होते, कॅप्टनबाई डोळे मिटून हात फिरवत होत्या आणि सासूबाईंच्या आवाजात आमचे विमान समुद्रामागून समुद्र ओलांडत होते. कॅप्टनबाई परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाल्या. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितले, "अर्धं श्रेय या खुर्चीला आहे." त्या वाक्यावर मी कित्येक वर्षे काढली, मित्रांनो. टॉवेल परत आले, ओल्या टॉवेलांनी माझे पॉलिश गेले, पण माझी तक्रार नव्हती.

पुढे त्या कॅप्टन झाल्या. कॉकपिटमध्ये उजवीकडून डावीकडे गेल्या आणि बुटांचे खोके माझ्या डावीकडून उजवीकडे आले. दर सहा महिन्यांनी त्यांची तपासणी होई. तिच्या आधी आठवडाभर मला बोलावणे येई, एरवी मी कपड्यांची राणी. अशी चौदा वर्षे गेली. रीळ कुठे आहे हे आता त्यांना बघावे लागत नसे. त्यांचा हात तिथे असा जाई, जसा तुमचा हात अंधारात आपल्या घरच्या दिव्याच्या बटणावर जातो.

आणि मग कंपनीने नवी विमाने घेतली.

ही बातमी घेऊन लांब्या आला. लांब्या म्हणजे कॅप्टनबाईंच्या शिकाऊ दिवसांपासूनचा मित्र. तोही कॅप्टन. इतका उंच की आमच्या खोलीच्या दारातून येताना त्याला नमस्कार केल्यासारखे वाकावे लागते. तो पलंगावर पसरला, कॅप्टनबाई माझ्यावर बसल्या आणि दोघांनी कंपनीचे पत्र मधे ठेवले.

पत्रात लिहिले होते की जुनी विमाने तीन-चार वर्षांत मोडीत निघतील. ज्यांना नव्या विमानावर जायचे असेल त्यांनी महिनाअखेरपर्यंत नावे द्यावीत. त्यानंतर जागा मिळेल याची हमी नाही. आणि नव्या विमानाच्या परीक्षेत जो दोनदा नापास होईल, त्याला परत जुन्यावर घेतले जाणार नाही.

"म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," कॅप्टनबाई म्हणाल्या.

"त्यात काय चावतंय? मी नाव दिलंसुद्धा," लांब्या म्हणाला. "नव्या विमानात समोर चाक नाहीये. डाव्या हाताशी एवढीशी काठी. आणि चाकाच्या जागी काय आहे माहितीये? टेबल! बाहेर ओढायचं आणि माणसासारखं जेवायचं. वीस वर्षं मांडीवर ट्रे ठेवून जेवतोय मी. माझ्या प्रत्येक पँटवर डाग आहे."

"टेबलासाठी विमान बदलतोस?"

"लोक टेबलासाठी घर बदलतात, मी विमान बदललं तर काय झालं?"

कॅप्टनबाई हसल्या आणि पत्र पुन्हा वाचू लागल्या. त्यांचे वय तेव्हा बावन्न होते. जुन्या विमानावरच्या ज्येष्ठतेच्या यादीत त्यांचे नाव वरून चौथे होते. हवे ते उड्डाण, हवी ती सुट्टी त्यांना मागताच मिळे. नव्या यादीत त्या शेवटून मोजाव्या लागणार होत्या. तरी त्याचे त्यांना फारसे काही वाटत नव्हते. त्यांना भीती वाटत होती ती वेगळीच. लांब्या गेल्यावर ती त्यांनी नवऱ्याला सांगितली.

"नव्या विमानात आगीचं बटण वर आहे. डोक्यावर. आणि ते दाबायचं असतं, ओढायचं नाही. माझा हात चौदा वर्षं खाली जातोय. मागे तीनशे माणसं बसलेली असताना तो खालीच गेला तर?"

फिजिओथेरपिस्ट नवरा खोटा दिलासा देणाऱ्यांपैकी नाही. तो म्हणाला, "हात नवं शिकतो, पण जुनं पुसत नाही. ताण आला की जुनं वर येतं. हे रोज बघतो मी."

"म्हणजे जाऊ नको?"

"तसं मी म्हटलेलं नाही."

पण न जाणे म्हणजे काय, हेही सर्वांना ठाऊक होते. तीन-चार वर्षे आरामात उडायचे आणि मग टेबलामागे बसून दुसऱ्यांची वेळापत्रके आखायची. कॅप्टनबाईंना उडणे जिवापाड आवडते. परत आल्या की कोणत्या ढगांच्या मागून सूर्य कसा वर आला ते सासूबाईंना सांगत बसतात. त्या बाईला निवृत्तीच्या नऊ-दहा वर्षे आधी जमिनीवर बसवायचे, या विचाराने माझेसुद्धा लाकूड आवळले जाई.

दोन दिवसांनी त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला. महिनाअखेरीला तीन आठवडे होते. तेवढे दिवस घरी नव्या विमानाचा सराव करायचा. शेवटच्या आठवड्यात हात एकदाही जुन्या जागी गेला नाही, तर अर्ज द्यायचा. एकदा जरी गेला, तरी द्यायचा नाही.

लांब्याला हे कळले तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "कशाला हात दाखवून अवलक्षण? कंपनी परीक्षा घेणारच आहे, तू घरी कशाला आणखी एक घेतेस?"

"कंपनी मला पास करेल की नाही ते बघेल. मला बघायचंय मी स्वतःला पास करते की नाही."

मग कपाटाच्या दारावरून जुना कागद उतरला. चौदा वर्षांचा माझा सोबती गुंडाळून कपाटावर टाकला गेला आणि नवा चकचकीत कागद आला. कानामागून आली आणि तिखट झाली, असे त्या नव्या कागदाकडे बघून मला वाटले. वरचा भाग दाखवायला एक पुठ्ठा छतापासून दोरीने टांगला आणि त्यावर बाटलीचे लाल झाकण चिकटवले. ते आगीचे नवे बटण. खोक्यावरचे रीळ कॅप्टनबाईंनी उपटून काढले, तिथे डिंकाचा डाग राहिला.

आता प्रश्न आला काठीचा. काठी हातात धरायची तर कोपर टेकायला खुर्चीला हात हवा. माझ्या पाचही बहिणी गादीवाल्या, दिसायला देखण्या, पण हात कोणालाच नाहीत. म्हणून त्याच बोलक्या सुताराला बोलावणे गेले. तो आता पिकला होता. त्याने मला उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाला, "ही मी केलीय? छे हो. लाज वाटण्यासारखं काम आहे."

"तुम्हीच केलीय," सासूबाई म्हणाल्या. "बोलत बोलत."

त्याने मुकाट्याने आधी माझा आखूड पाय सारखा केला. मग डाव्या बाजूला भोके पाडली, रुंद हात बसवला आणि हाताच्या टोकाला सासूबाईंच्या तुटक्या छत्रीची मूठ खोचली. भोके पाडताना दुखले. पण मित्रांनो, खरे सांगते, दुखण्यापेक्षा राग जास्त आला. इतकी वर्षे मी बिनहाताची होते आणि त्यात माझे काही अडले नव्हते. म्हातारपणी हे नसते सोंग कशाला? मी त्या नव्या कागदाला पाण्यात पाहत होते. आणि माझ्या मनात एक वाईट विचार आला, तो तुमच्यापासून लपवत नाही. मला वाटले, चुकू दे हात. एकदाच चुकू दे, म्हणजे जुना कागद परत येईल.

पहिल्या आठवड्यात मला वाट बघावी लागली नाही. हात सारखा खाली जाई. सासूबाई "एक नंबर इंजिनला आग!" म्हणत आणि कॅप्टनबाईंची बोटे डिंकाच्या डागाकडे धावत. चमचेही त्यांना छळत. जुन्या विमानात यंत्राने ताकद बदलली की दांडे आपोआप हलायचे आणि तळहाताला कळायचे. नव्यात ते जागच्या जागी राहतात. "हाताखाली मेल्यासारखे पडून असतात," त्या कुरकुरत. "कळतच नाही विमानाच्या मनात काय आहे."

"पडद्यावर आकडा बघ," सासूबाई म्हणत. "इथे तसं लिहिलंय."

दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी आपली युक्ती काढली. वेळ ठरवून आग लागत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि कधीही, कुठेही आग लावू लागल्या. कॅप्टनबाई दात घासत असताना आग. बूट बांधताना आग. एकदा पावाच्या दुकानात रांगेत उभ्या असताना मागून आग. तिथे म्हणे कॅप्टनबाईंनी हात डोक्यावर नेला आणि दुकानदाराने आणखी हवेत असे समजून त्यांना दोन पाव जास्त बांधून दिले. मला हे ऐकून कळले. जेवणाच्या टेबलावर हसण्याचा नुसता धुमाकूळ चालला होता.

आणि हात वर जाऊ लागला. आधी अडखळत, मग सरळ. तिसरा आठवडा लागला, म्हणजे नियमाचा आठवडा. पहिला दिवस, वर. दुसरा दिवस, वर. मधे कॅप्टनबाई एका लांबच्या उड्डाणावर जाऊन आल्या, जुन्या विमानावर, आणि आल्या आल्या माझ्यावर बसल्या. तरीही वर. मला ते बघवत नव्हते आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हते. सहा दिवस असे गेले.

शेवटच्या दिवशी दुपारी कॅप्टनबाई थकलेल्या होत्या. झोप नीट झाली नव्हती. संध्याकाळपर्यंत अर्ज द्यायचा होता, तो भरून तयार होता, फक्त सही राहिली होती. लांब्या अर्ज सोबत न्यायला आला होता आणि मोठ्याने काहीतरी गंमत सांगत होता. नवरा दारात उभा राहून किल्ल्या कुठे ठेवल्यास म्हणून विचारत होता. बाहेरच्या खोलीत फोन वाजत होता. कॅप्टनबाई छत्रीची मूठ धरून बसल्या होत्या, एकाचे ऐकत होत्या, दुसऱ्याला उत्तर देत होत्या.

"एक नंबर इंजिनला आग!" सासूबाई कडाडल्या. "विमान माझ्याकडे!"

हात खाली गेला.

मी तो जाताना पाहिला. चमच्यांच्या मागे, सरळ त्या डिंकाच्या डागाकडे. डागापासून चार बोटांवर तो थांबला आणि कॅप्टनबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "एक नंबर, बरोबर?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

बाहेर फोन वाजायचा थांबला. कॅप्टनबाईंनी आपल्या हाताकडे पाहिले, तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. मला जे हवे होते ते झाले होते, मित्रांनो. पण मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की कोणी मला तोडून सरपण केले असते तरी मी हूं की चूं केले नसते.

त्या उठल्या आणि टांगलेल्या पुठ्ठ्याची दोरी सोडू लागल्या.

"अगं, एकदाच गेला ना?" लांब्याचा आवाज उतरला होता.

"एकदाच पुरतो."

"ताण आला की जुनं वर येतं," नवरा हळूच म्हणाला. "मी म्हटलं होतं..."

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. त्या पलंगावरून उतरल्या आणि त्यांनी सुनेच्या हातातली दोरी काढून घेतली. "अगं, हात खाली गेला हे मी पाहिलं. पण तो थांबला की नाही?"

"थांबला."

"का थांबला?"

"तुम्ही अजून 'बरोबर' म्हणाला नव्हतात म्हणून."

"मग? मी एक्स्चेंजमध्ये एवढी वर्षं काढली. कोणी नंबर सांगितला की आम्ही तो परत म्हणून दाखवायचो आणि मगच जोडायचो. माझ्या तोंडून चुकीचा आकडा जायचा नाही असं वाटतं तुला? दमलेली असले की रोज जायचा. समोरचा म्हणायचा, नाही हो ताई, सात नाही, नऊ. म्हणून तर परत म्हणायची पद्धत होती! चुकत नसतो तर कशाला म्हटलं असतं?" त्यांनी चेकलिस्टचा कागद नाकासमोर धरला. "इथे काय लिहिलंय? दोघांनी खात्री करावी. दोघांनी. विमानात तुझा एकटीचाच हात असतो का?"

कॅप्टनबाई कागदावरच्या त्या ओळीवर वाकल्या.

"परीक्षाच चुकीची लावलीस तू," सासूबाई म्हणाल्या. "हात चुकतो का, हे काय बघायचं? हात आहे, चुकणारच. थांबतो का ते बघ."

लांब्या एवढा मोठा माणूस, पण त्याचे डोळे भरून आले होते. "आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात हे," तो म्हणाला. "आणि आम्हीच विसरतो."

कॅप्टनबाई परत माझ्यावर बसल्या. त्यांनी डाव्या हाताने मूठ पुन्हा धरली. मग म्हणाल्या, "परत लावा आग."

सासूबाईंनी आग लावली. हात वर गेला, लाल झाकणाशी थांबला. "एक नंबर, बरोबर?" "बरोबर." पुन्हा लावली. पुन्हा वर. दहा वेळा लावली. मधे एकदा सासूबाईंनी मुद्दाम "नाही" म्हटले आणि हात जिथल्या तिथे थांबला, तसूभरही पुढे सरकला नाही.

तेव्हा कॅप्टनबाईंनी लांब्याकडून पेन मागून घेतले. अर्ज त्यांनी माझ्या नव्या, रुंद हातावर ठेवला आणि सही केली. त्या सहीचा दाब मला लाकडात आतपर्यंत जाणवला. ज्या हाताला मी सोंग म्हणत होते, त्याचे ते पहिले काम.

पुढचे थोडक्यात सांगते. शिकवणी दोन महिने चालली. कॅप्टनबाई पहिल्याच परीक्षेत पास झाल्या. लांब्या मात्र त्याच्या पहिल्या परीक्षेत नापास झाला, कारण त्याने घरी टेबलाखेरीज कशाचाच सराव केला नव्हता. मग तो आठवडाभर रोज दुपारी आमच्याकडे येऊन माझ्यावर बसला. त्याचे गुडघे कपाटाला लागत आणि सासूबाई त्याला जराही दयामाया दाखवत नसत. "कुठे बघतोस? डोळे मीट. पुन्हा." दुसऱ्या वेळी तो सुटला. त्या आनंदात त्याने मला एक गादी आणून दिली. गादी हिरवी आहे आणि मला मुळीच शोभत नाही, पण मी ती मिरवते.

नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाहून कॅप्टनबाई एका सकाळी परत आल्या. टोपी पलंगावर टाकली, बूट काढले आणि छोट्या खोलीत येऊन माझ्यावर बसल्या. मी सवयीने सज्ज झाले, आता मूठ, आता चमचे, आता आग. पण त्यांनी काहीच हातात घेतले नाही. पाय पलंगावर पसरले, माझ्या हातावर कोपर टेकले आणि सासूबाईंना सांगू लागल्या की पहाटे खाली ढग कसे होते, नांगरलेल्या शेतासारखे, ओळीओळींनी, आणि त्यांच्या कडा कशा उजळत गेल्या. सासूबाई ऐकत होत्या. बाहेर नवरा चहा ठेवत होता. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच माझ्यावर नुसत्या बसल्या होत्या आणि मला त्याहून जास्त काही नको होते.

आता माझे वय झाले आहे. माझ्यावर ओले टॉवेल टाकू नयेत, एवढेच माझे स्वतःसाठी मागणे. पण मित्रांनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. तुमच्याही घरात कोणीतरी मोठे माणूस उतारवयात काहीतरी नवे शिकत असेल. नवा फोन, नवी भाषा, नवे काम. त्याचा हात जुन्या जागी जाईल. तेव्हा थोडे हसलात तर चालेल, आम्हीही हसलो. पण नंतर त्याच्या समोर बसा. आणि त्याने थांबून तुम्हाला "बरोबर?" असे विचारले, तर खरे उत्तर द्या, "नाही" असेल तरीही.